सीडरच्या वरच्या रांगा

५ एप्रिल, शनिवार

ऑटकाकांनी आज हात टेकले. गुडघे तर हिवाळ्यातच टेकले होते. टिप्टन घराण्याच्या टेकडीवरच्या दफनभूमीतलं गवत चाळीस वर्षं या माणसानं एकट्यानं कापलं, ढकलत न्यायच्या यंत्रानं. दुपारी आमच्या पायरीवर बसून नेव्हाला म्हणाले, "पोरी, आता मी त्या टेकडीवर एकदाच जाणार, आणि तेही इतरांच्या खांद्यावरून." नेव्हा त्यांची पुतणी, माझी बायको. ती काही बोलायच्या आत मी म्हणालो, गवत मी कापीन.

काकांनी माझ्याकडे बघितलं. "तू? तू तर जावई."

अठ्ठावीस वर्षं या घराण्याचे पंप, शेगड्या, गाड्या दुरुस्त करताना मी जावई आहे हे कुणाला आठवलं नाही. पण वाद घातला नाही. नेव्हाच्या भावाला, डॉयलला, हे काम हवंय हे मला माहीत आहे. त्याचा धंदाच गवत कापायचा. निर्णय होईल मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, फुलांच्या रविवारी. त्या दिवशी सगळे टिप्टन टेकडी चढतात, प्रत्येक थडग्यावर फुलं ठेवतात, तिथंच पंगत बसते, आणि जेवणं उरकली की घराण्यातले विषय निघतात. तोवर गवत मी कापायचं, एवढं काकांकडून वदवून घेतलं.

संध्याकाळी नेव्हा म्हणाली, "कारखाना बंद होऊन दोनच महिने झालेत, वेंडल. थोडा बसलास तर डोंगर हलणार नाहीत."

बसणं मला जमत नाही. फर्निचरच्या कारखान्यातली सगळी यंत्रं मी चालू ठेवली. कुठल्या शाळेत शिकलो नाही, पण माझ्या हातून चालू झालं नाही असं यंत्र मला आठवत नाही. आता सकाळी उठतो, बूट घालतो, आणि मग बुटांकडे बघत राहतो. म्हणून ही वही.

ही टेकडी माझ्याकडे आली, तर लोक पुन्हा म्हणतील, वेंडलला विचारा. एवढंच हवंय.

९ एप्रिल, बुधवार

मोजमाप केलं. शाळेतला कोनमापक फळीवर उलटा ठोकला, मध्यातून दोरा सोडला, दोऱ्याला नट बांधला. फळी उतारावर ठेवली की दोरा उतार सांगतो. बाजारात असली वस्तू विकत मिळते, पण ती लहान असल्यानं एखाद्या ढेकळाचा उतार मोजते, टेकडीचा नाही.

फाटकापासून मधल्या गवताळ ओट्यापर्यंत आठ-नऊ अंश. तिथून सीडरच्या झाडापर्यंत बारा. सीडरच्या वर अठरा, आणि एका जागी एकवीस. बसून चालवायच्या यंत्रांचे बहुतेक कारखानदार पंधरावर रेघ मारतात.

नेव्हा बरोबर आली होती. तिनं विचारलं, "पंधराच्या वर काय होतं?"

"वर काही होत नाही. जे होतं ते खाली होतं."

ती हसली नाही. चांगला विनोद होता.

खरी अडचण उताराची नाही, मेलेल्यांच्या दिशेची आहे. आमच्याकडे माणसाला पूर्वेकडे पाय करून पुरतात, जगाच्या शेवटच्या दिवशी थडग्यातून उठेल तेव्हा तोंड उगवतीला असावं म्हणून. टेकडी पूर्वेला उतरते. म्हणजे डोकं वर, पाय खाली, आणि थडग्यांच्या रांगा उतारावर आडव्या. दोन रांगांमधल्या वाटाही आडव्या. आणि बसायच्या यंत्राचा पहिला नियम असा की उतारावर सरळ वर जावं, सरळ खाली यावं, आडवं कधी जाऊ नये. आडवं गेलं की सगळं वजन खालच्या दोन चाकांवर येतं.

सरळ जायचं तर थडग्यांवरून जावं लागेल. ते इथं कुणी करत नाही. लहानपणी थडग्यावर पाय पडला म्हणून मी मार खाल्लेला आहे, आणि तो माझाच पाय होता, ट्रॅक्टर नव्हता.

१२ एप्रिल, शनिवार

आज यंत्र निवडलं. विक्रेता तरुण, दाढी तेल लावून विंचरलेली. त्यानं मला आधी ते जागच्या जागी गिरकी घेणारं यंत्र दाखवलं, दोन दांड्यांवर चालणारं. डॉयलकडे आहे तसंच. "पाहुणे, लोण्यासारखं वळतं," म्हणाला.

"उतारावरही लोण्यासारखंच घसरतं," मी म्हणालो. त्याची पुढची चाकं नुसती मागून ओढली जाणारी, दुकानातल्या ढकलगाडीसारखी. मागची दोन घसरली की सुकाणूही गेलं आणि ब्रेकही गेला. त्यानं मान डोलावली, जसं काही त्याला ठाऊकच होतं.

मी घेतला तो बुटका ट्रॅक्टर. चारही चाकं ओढतात. पाती पोटाखाली, म्हणून वजन जमिनीलगत. बसणारा उठला की इंजिन आपोआप बंद. आसनामागे लोखंडी कमान, उलटलं तर माणूस आणि जमीन यांच्यामध्ये तीच. कमान वर असेल तर पट्टा बांधायचा, म्हणजे माणूस कमानीच्या आत राहतो. कमान पाडलेली असेल तर पट्टा बांधायचा नाही, म्हणजे उडी तरी मारता येते. हे विक्रेत्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं.

बदल्यात माझी मासेमारीची बोट दिली. नेव्हाला घरी आल्यावर कळलं. ती बराच वेळ रिकाम्या शेडकडे बघत होती. बोटीत ती वर्षातून दोनदा बसायची, तेव्हा एवढं वाईट वाटायचं कारण नाही.

१९ एप्रिल, शनिवार

मागची चाकं बाहेरच्या बाजूला सरकवून रुंद बसवली. टायरांमध्ये पाणी भरलं, गोठू नये म्हणून मीठ मिसळून. खालचा सगळा भाग आणि मधला ओटा आज कापला. गवताच्या रेघा दोरीनं आखल्यासारख्या. थडग्यांवरचं मात्र हाताच्या यंत्रानं.

डॉयल कुंपणाला टेकून बघत होता. मोठ्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा, टोपी मागं सरकवलेली.

"काय दाजी, ट्रॅक्टर घेतला की म्हैस?"

"म्हैस उलटत नाही."

"पळतही नाही. माझ्या यंत्रानं एवढं मी जेवायच्या आधी उरकलं असतं."

मी त्याला पुढच्या चाकांचं सांगितलं. वजन कुठून जातं, टायर का भरायचे, हेही सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, हे कबूल केलं पाहिजे. मग म्हणाला, "दाजी, तुम्ही गवत कापता की गवताचं पारायण करता?"

त्याच्या यंत्रावर आसनाखालची कळ तारेनं बांधून टाकलेली आहे. उतरलं तरी इंजिन चालूच. सारखं सुरू करायचा कंटाळा. मी बोललो, तर म्हणाला, "अजून दोन्ही पाय जागेवर आहेत. हवं तर मोजा."

२४ एप्रिल, गुरुवार

पाऊस. ओल्या गवतावर यंत्र चढवायचं नाही, हा माझा नियम. सकाळपासून शेडमध्ये तीन वेळा जाऊन आलो. पात्यांना धार लावली. धार आधीच होती.

नेव्हा स्वयंपाकघरात यंत्राची पुस्तिका वाचत बसलेली. मी म्हणालो, त्यात न समजण्यासारखं काय आहे, मला विचार. ती म्हणाली, "चित्रं बघतेय." चित्र एकच, माणूस चाकाखाली सापडल्याचं. त्याचं काय बघायचं.

२९ एप्रिल, मंगळवार

सीडरच्या वर जायला एकच जागा आहे. उजवीकडे ओढ्याचा कडा, डावीकडे कुंपण, मध्ये झाड. त्याची सगळ्यात खालची फांदी वाटेवर आडवी आलेली. खुरपी घेऊन नेव्हा आली होती, ती म्हणाली, "कमान अडकेल."

"पाडायची. दोन खिळ्या काढल्या की मागे पडते."

"आणि पलीकडे गेल्यावर?"

पलीकडे गेल्यावर उतरून, खिळ्या घालून, कमान उभी करायची, आणि परत येताना पुन्हा पाडायची. कापलेलं गवत टाकायला खाली यावं लागतं, म्हणजे प्रत्येक फेरीला हेच. आणि अठरा अंशांवर यंत्रावरून चढउतार करणं हाच एक धोका. सगळा हिशेब करून ठरवलं की वरच्या रांगांमध्ये कमान पाडलेलीच ठेवायची. पट्टा अर्थात सोडलेला.

नेव्हानं विचारलं, "फांदी कापली तर?"

मला हसू आलं. दफनभूमीतला सीडर तोडणाऱ्याच्या घरातून वर्षाच्या आत तिरडी निघते, हे मला तिनंच सांगितलंय, लग्नानंतर पहिल्यांदा इथं आलो तेव्हा. मी एक डहाळी मोडली होती, तर तिनं ती हातातून घेऊन परत बुंध्याशी ठेवली होती. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण टिप्टन मानतात, आणि टेकडी त्यांची आहे.

२ मे, शुक्रवार

सीडरच्या वरची पहिली रांग कापली. आडवी. हळू, सर्वात खालच्या गिअरमध्ये, वरच्या बाजूला अंग टाकून. वरची चाकं जराशी हलकी वाटली, एवढंच. नियमाबद्दल विचार करत होतो. नियम लिहिणाऱ्यांनी तो मोकळ्या माळासाठी लिहिला. त्यांची माणसं अशी आडव्या रांगांत झोपलेली असती तर त्यांनी दुसरं काही लिहिलं असतं. शिवाय माझी चाकं रुंद, टायर भरलेले. नियम सरासरी माणसासाठी असतो.

संध्याकाळी कॉफी दोनदा सांडली. सुकाणूची थरथर हातात राहिली असणार.

नेव्हाला अलीकडे टेकडीची ओढच लागली आहे. रोज दुपारी माझ्यामागून येते, खालच्या दगडावर बसते, खुरपीनं जमीन टोकरते. आज बघितलं तर तिनं तासाभरात एवढीशी जागा साफ केली होती, तीसुद्धा आधीच साफ असलेली. तिला म्हटलं, घरी जाऊन पड थोडी. म्हणाली, "घरी काय आहे?"

५ मे, सोमवार

दुसरी रांग. ठीक.

८ मे, गुरुवार

कुणीतरी फांदी कापली.

सकाळी वर गेलो तर वाट मोकळी. फांदी करवतीनं, बुंध्यालगत कापलेली, पण चांगल्या हातानं नाही. अर्ध्यात करवत अडकून पुन्हा दुसऱ्या बाजूनं सुरू केलेली. ज्यानं कापली त्याला लाकडाची सवय नाही. लाल भुसा गवतावर पडलेला, कापातून चिकट डिंक गळणारा. फांदी ओढ्यात ढकललेली, ओढत नेल्याची खूण होती.

मी भडकलो. फुलांच्या रविवारी सगळे टिप्टन वर येणार, बघणार, आणि म्हणणार, जावयानं आपल्या यंत्रासाठी सीडर तोडला. डॉयलचंच काम, दुसरं कुणाचं? मला बदनाम करायला याहून सोपी युक्ती नाही.

घरी येऊन नेव्हाला सांगितलं. तिनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही, बटाटे सोलत होती. "डॉयल घाबरट आहे," म्हणाली, "तो सीडरला हात लावणार नाही."

"मग कुणी लावला?"

"झालं ते झालं. आता कमान उभी ठेवता येईल ना?"

हे तिचं बरं आहे. माणसाची अब्रू जातेय आणि हिला कमानीचं पडलंय. तिच्या तळव्यावर मोठा फोड आला होता, फुटलेला. खुरपीनं, म्हणाली. हातांना टर्पेंटाइनचा वास. जुन्या खुर्चीचा रंग काढत होते, म्हणाली. एवढी कामं एकदम काढायची गरज काय, असं मी बोललो.

कमान मात्र आता उभीच राहील. न पाडण्याचं कारण उरलं नाही. कमान उभी, म्हणजे पट्टाही बांधायचा.

१३ मे, मंगळवार

लिहायला बसलो आणि पेन खाली ठेवलं, असं तीनदा झालं.

वरून तिसरी रांग. ऊन चांगलं, गवत कोरडं. थडग्यांच्या पायांशी बसवलेले दगड डावीकडे, खालच्या रांगेची डोकी उजवीकडे, मी मधल्या वाटेनं. कुणाच्याही थडग्यावर चाक नव्हतं, ते मी सारखं बघत होतो. आणि वाटेच्या मधोमध, जिथं काही नाही, तिथं खालचं मागचं चाक जमिनीत गेलं. खळग्यात. वरून गवत सारखंच, खाली पोकळ. यंत्र थांबल्यासारखं वाटलं, आणि मग आकाश बाजूला गेलं.

कमान जमिनीत रुतली आणि तिथंच अडली. मी पट्ट्यात आडवा लटकत होतो. डोकं आणि खालच्या रांगेतला एक दगड यांच्यामध्ये माझी टोपी बसेल एवढी जागा होती. इंजिन बंद पडलेलं. पेट्रोलचा वास. पाखरंसुद्धा गप्प होती, की मलाच ऐकू येत नव्हतं, कोण जाणे.

नेव्हा ओरडली नाही. ती वर आली, इतकी लवकर कशी आली कळलं नाही, आणि पहिल्यांदा तिनं किल्ली फिरवून काढली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली. मग पट्टा सोडवला. मग माझे हात, पाय, मान चाचपली, शेळी विकत घेताना चाचपतात तशी. मग म्हणाली, "चल, बीन्स गार होतील."

"आधी हे उभं करायला हवं. कुणी बघायच्या आत."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "सांग कसं करायचं."

हातानं फिरवायचा रहाट सीडरच्या बुंध्याला बांधला, साखळी यंत्राला. मी चाकांखाली लाकडं सरकवत होतो, दांडा ती फिरवत होती. तिला एकदाही थांब म्हणावं लागलं नाही. यंत्र चारही चाकांवर आल्यावर ती गवतात बसली आणि तिला उलटी झाली. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं म्हणून, असं म्हणाली.

एक गोष्ट लिहून ठेवतो. यंत्राची निवड बरोबर होती. कमानीचं लोखंड कुठंही वाकलं नाही. कमान मागच्या आठवड्यासारखी पाडलेली असती तर ही वही नेव्हानं पूर्ण केली असती. फांदी कापणाऱ्यानं चूकच केली, त्यावर मी ठाम आहे. पण चुकीतून कधी कधी चांगलं निघतं.

१४ मे, बुधवार

कमानीवरची माती धुतली. गवतात जिथं ती रुतली तिथं लांब जखम झालीय. माती भरून वर गवताचे तुकडे बसवले. जवळून बघितलं तर कळतं.

नेव्हा किल्ली देत नाही. मागितली तर म्हणते, "कुठं ठेवली आठवत नाही." तिचं लक्ष अलीकडे कशातच नसतं.

१७ मे, शनिवार

उद्या रविवार. वरच्या दोन रांगा कापायच्या राहिल्या, गुडघ्याएवढं गवत. हाताच्या यंत्रानं सुरुवात केली, पण त्या रांगेशी गेलो की पाय पुढे जात नाहीत. तीनदा गेलो, तीनदा परत आलो. पाणी प्यायला, असं स्वतःला सांगितलं.

डॉयल आला होता. गवत बघितलं, माझ्याकडे बघितलं. "दाजी, म्हैस दमली वाटतं?"

"वेळ कमी पडला."

"उद्या विषय निघाला की मी सांगतो. सोमवारी सकाळी माझं यंत्र वर चढवतो. कॉफी गार व्हायच्या आत दोन्ही रांगा साफ."

मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. त्याचं यंत्र, पुढची ती चाकं, ती तारेनं बांधलेली कळ. त्याच्या यंत्रावर कमानसुद्धा नाही. पण बोललो तर का बोललो ते सांगावं लागेल. आणि ते सांगितलं तर टेकडी गेली. अठ्ठावीस वर्षांत एकदा मी या घराण्याकडे काहीतरी मागतोय, आणि तेच मी स्वतःच्या हातानं पाडायचं?

ताट तसंच राहिलं. नेव्हानं ते झाकून ठेवलं.

१८ मे, रविवार

सगळं क्रमानं लिहितो.

लोक भरपूर आले. खालचा भाग बघून तिघांनी माझा हात हातात घेतला. फांदी कापलेली जागा लोकांनी बघितली, कुजबुजले, पण तोंडावर कुणी विचारलं नाही. फुलं ठेवून झाली. पंगत बसली: तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, केळ्याचं पुडिंग. व्हर्डी आत्या, ऑटकाकांची मोठी बहीण, वय एक्याण्णव, खुर्चीत बसवून आणली होती. तिला खालीच सावलीत ठेवायचं ठरलं होतं, पण ती म्हणाली, मला माझ्या आईजवळ न्या. म्हणून दोघांनी खुर्ची उचलून सीडरच्या वर नेली, आणि सगळी बैठकच तिच्यामागून वर गेली.

ऑटकाकांनी विषय काढला. डॉयल उभा राहिला. खालचं काम चांगलं झालंय म्हणाला, खोटं कशाला बोलू म्हणाला, पण वरच्या रांगा राहिल्यात त्या राहिल्यात. "ट्रॅक्टरला इथं जमत नाही. आज रविवार आहे म्हणून, नाहीतर आत्ताच दाखवलं असतं. उद्या सकाळी चढवतो माझं यंत्र."

लोकांच्या माना हलायला लागल्या. त्याची धाकटी मुलगी त्याच्या पायाला धरून उभी होती आणि पुडिंगचा चमचा त्याच्या पँटला पुसत होती. त्याला ते माहीतही नव्हतं.

मी म्हणालो, "माझा ट्रॅक्टर मंगळवारी इथं उलटला."

नेव्हा ॲपल पाय कापत होती. तिची सुरी थांबली.

मी पुढं बोलत राहिलो. बोट दाखवून सांगितलं कुठं. उतार किती, कुठलं चाक गेलं, कमान कुठं रुतली, डोकं कुठं होतं. मग मला वाटतं मी थोडा जास्त बोललो, टायरमधल्या मिठाच्या पाण्यापर्यंत. शेवटी म्हणालो, "सीडरच्या वर कुणीही यंत्रावर बसू नये. मी नाही, डॉयल नाही. त्यातून डॉयल तर नाहीच. त्याच्या यंत्रावर कमान नाही."

डॉयलनं टोपी काढली. "म्हैस उलटली?"

"म्हैस उलटली."

"आणि तुम्ही हे मला सांगताय."

"सोमवारी सकाळी तू इथं असणार होतास."

तो खाली बसला. मुलीला मांडीवर ओढून घेतलं. पँटवरचं पुडिंग त्याला तेव्हा दिसलं.

व्हर्डी आत्यानं मला जवळ बोलावलं. "बाळा, कुठं गेलं म्हणालास चाक? माझ्या आईच्या पायाशी?"

"पायाच्या दगडाखाली, हातभर उजवीकडे. तिथं काही नाही, आत्या. वाट आहे."

"वाट नाही ती. तो रूबेन. माझ्या आधीचा भाऊ. नाव ठेवलं आणि गेला. आईनं ओढ्यातला दगड ठेवला होता डोक्याशी, तो कधीच खाली गेला असेल." तिनं बोटानं सगळी रांग दाखवली. "आमच्या वेळी टेकडीवर गवताची काडी नसायची. प्रत्येकावर मातीचा उंचवटा, खरडून, झाडून लख्ख. अंधारातसुद्धा कळायचं कोण कुठं आहे. गवत दिसलं तर शेजारी म्हणायचे, या लोकांना आपली माणसं नकोशी झालीत. मग यंत्रं आली. यंत्राला उंचवटे आडवे येतात, म्हणून ऑटनं सगळे सपाट केले."

"तूच म्हणालीस, शहरासारखं दिसतं," ऑटकाका म्हणाले.

"म्हणाले असेन. पन्नाशीची पोर होते मी, अक्कल कुठली."

मी म्हणालो, "आत्या, म्हणजे मी त्याच्यावरून यंत्र नेलं."

"चाळीस वर्षं सगळेच त्याच्यावरून गेले. तुझं जड होतं, म्हणून त्यानं सांगितलं."

मग फार वेळ लागला नाही. सीडरच्या वर पुन्हा मातीचे उंचवटे घालायचे, आणि त्यावर गवताऐवजी निळ्या फुलांची ती पसरणारी वेल लावायची, जी जुन्या दफनभूम्यांमध्ये आपोआप वाढते आणि जिला कापावं लागत नाही. यंत्र वर न्यायचंच नाही. खालचं कुणाकडे, असं ऑटकाकांनी विचारलं. मी जमिनीकडे बघत होतो.

डॉयल म्हणाला, "दाजींकडे द्या. आपल्यात उलटायचा अनुभव त्यांनाच आहे."

सगळे हसले. मीसुद्धा, थोड्या वेळानं.

नेव्हानं मला ॲपल पायचा तुकडा दिला. इतरांपेक्षा दुप्पट. त्यातला अर्धा माझ्या शर्टावर पडला.

२१ मे, बुधवार

आठ माणसं, चार ढकलगाड्या. रूबेनचा खळगा आधी भरला. मी म्हणालो की भुसभुशीत माती बसते, थरावर थर ठोकून भरा. डॉयल म्हणाला, "दाजी, मला वाटलंच होतं यालाही नियम असणार." पण त्यानं ठोकून भरला.

नेव्हा आणि मी वेलीचे तुकडे लावत होतो. मी अंतर मोजून खुणा करत होतो, ती खुणांकडे न बघता लावत होती.

किल्ली संध्याकाळी टेबलावर होती. सापडली, म्हणाली.

३१ मे, शनिवार

आज एकटाच टेकडीवर गेलो. खालचा भाग कापायला आला होता. मिठाईच्या दुकानासमोरून जाताना एकानं हाक मारून पंप बघायला बोलावलंय. सोमवारी जाईन.

निघताना नेव्हाला सांगितलं, यंत्र घेऊन चाललोय. ती पायरीवर बसून बहिणीशी फोनवर बोलत होती. हात हलवला आणि बोलत राहिली. कसल्यातरी पडद्याच्या कापडाबद्दल चाललं होतं, आणि ती मोठ्यानं हसत होती.

सगळं गवत कापून झालं तरी ती आली नाही. खालच्या त्या दगडावर कुणी नव्हतं. मी दोनदा इंजिन बंद करून रस्त्याकडे बघितलं. बायकांचं असं असतं. एखाद्या गोष्टीची ओढ लागते, महिनाभर डोकं खातात, आणि एक दिवस त्यांना त्या गोष्टीत रस उरत नाही.